बालगृहातल्या मुलाची शाळा कुठे तुटते आणि ती कशी सांभाळायची

बालगृहातलं मूल अभ्यासात मागे पडतं ते बहुतेक वेळा डोकं कमी म्हणून नाही. त्याची शाळा तीन जागी तुटते: संस्थेत दाखल होताना, घरी परत जाताना आणि अठरा पूर्ण होताना. या तीन जागा सुटल्या तर मधल्या काळातली शिकवणी वाया जाते. जळगाव, धुळे, नंदुरबारमधले अधीक्षक, समुपदेशक आणि वर्गशिक्षक यांच्या हातात यातलं बरंच असतं.

दाखल होताना

भुसावळ स्टेशनवर सापडलेलं किंवा ऊसतोडीवरून बाल कल्याण समितीपुढे (अशा मुलांबाबत आदेश देणारी जिल्ह्याची समिती) आलेलं मूल बहुधा कागदाविनाच येतं. म्हणून थांबायचं नाही. समितीचा आदेश घेऊन त्याच आठवड्यात जवळच्या जिल्हा परिषद किंवा नगरपालिका शाळेत जा. वयाचा पुरावा नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला आला नाही, एवढ्यावरून 6 ते 14 वयाच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 तसं स्पष्ट सांगतो. मुख्याध्यापक अडून बसले तर हुज्जत घालू नका. लेखी अर्ज द्या, पोच मागा, एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. पुष्कळदा पोच मागितल्यावरच काम हलतं.

जन्मतारखेचा घोळ इथेच सुरू होतो. आदेशात ‘अंदाजे 11 वर्षे’, शाळेच्या रजिस्टरात 1 जून आणि आधारवर तिसरंच काही. दहावीचा अर्ज भरताना हे उघडं पडतं, आणि शाळा सोडल्यावर रजिस्टरातली तारीख बदलणं फार अवघड. समितीकडून पूर्ण तारीख लिहून घ्या आणि तीच सगळीकडे चालवा. मूल आधी शाळेत होतं असं कळलं तर त्याचा जुना विद्यार्थी क्रमांक शोधून ऑनलाइन बदली मागवा. घाईत नवी नोंद केली की एकाच मुलाच्या दोन नोंदी होतात.

पातळी पाहून शिकवणं

वर्ग वयानुसार मिळतो. कधीच शाळेत न गेलेलं 11 वर्षांचं मूल सहावीत बसतं आणि त्याला तीन महिने ते दोन वर्षं विशेष प्रशिक्षण मिळायला हवं. शाळेत ते कागदावरच राहिलं तर संस्थेनं करावं. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटांची तपासणी पुरते: काही अक्षरं, काही शब्द, चार ओळींचा परिच्छेद, मग 52 वजा 27 आणि एक साधा भागाकार. अडलं तिथून सुरुवात. संध्याकाळच्या अभ्यासाला इयत्तेनुसार नव्हे, पातळीनुसार सहा ते आठ मुलांचे गट करा. सातवीतला मुलगा तिसरीतल्यांबरोबर बसायला लाजतो. त्याला तिथे ‘मदतनीस’ म्हणून बसवा, तो गुपचूप शिकतो.

कापूस वेचणीला गेलेली मुलं तोंडी हिशेबात पक्की असतात. 35 किलोचे किती पैसे, हे झटक्यात सांगतात आणि कागदावर हातचा विसरतात. वजाबाकी वजनकाट्याच्या हिशेबातून मांडली तर लवकर बसते. घरी अहिराणी, पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलाला सुरुवातीचे महिने स्वतःच्या बोलीत उत्तर देऊ द्या. निबंधात ‘आहे’च्या जागी ‘शे’ आलं म्हणून लाल रेघ मारली की मूल लिहिणंच थांबवतं.

एक पथ्य शिक्षकांसाठी: ‘बालगृहवाल्यांनी उभं राहा’ असं वर्गात म्हणू नका. वह्या वाटपाचे फोटो वर्तमानपत्रात देऊ नका. मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 74 नुसार गुन्हा आहे.

घरी परत जाताना

ऐन फेब्रुवारी-मार्चमध्ये पुनर्स्थापनेचा, म्हणजे मुलाला घरी परत पाठवण्याचा, आदेश निघतो आणि वार्षिक परीक्षा बुडते. समितीला परीक्षेचं वेळापत्रक माहीत असेल असं धरून चालू नका. डिसेंबरमध्येच लेखी कळवा आणि परीक्षेनंतरची तारीख मागा. गृहभेटीच्या अहवालात एक प्रश्न हवाच: दिवाळी ते आखाजी (अक्षय्य तृतीया) घरात कोण असतं? आईवडील त्या काळात ऊसतोडीला जात असतील तर जूनमध्ये घातलेलं नाव नोव्हेंबरात गळतं. अशा वेळी आजी किंवा काकाकडे सोय, नाहीतर शिक्षण पूर्ण होईपर्यंत वसतिगृह. निघताना दाखला, गुणपत्रक, विद्यार्थी क्रमांक पालकाच्या हातात द्या. कुटुंबात राहणाऱ्या गरजू मुलांसाठीच्या बालसंगोपन योजनेचे दरमहा 2250 रुपये लागू होत असतील तर अर्ज त्याच भेटीत भरून घ्या. नंतर जिल्ह्याच्या गावी खेटे घालायला तोरणमाळसारख्या दूरच्या डोंगरी गावातल्या माणसाचा आख्खा दिवस जातो.

नववीपासून पुढे

दहावीत एकदोन विषय राहिले तरी ‘एटीकेटी’वर अकरावीला जाता येतं आणि पुरवणी परीक्षाही असते. शाळा सुटलेल्या मोठ्या मुलांसाठी सतरा नंबरचा अर्ज, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज आहे. या परीक्षांसाठी आपला विभाग नाशिक मंडळाचा.

उशिरा शाळेत आलेलं मूल अकरावी-बारावीतच अठरा पूर्ण करतं. त्या दिवशी बालगृह संपतं, परीक्षा संपलेली नसते. बाल न्याय कायद्याच्या कलम 46 खाली अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरच्या आधाराची, सोय आहे, साधारण 21 वर्षांपर्यंत. पण मुलाची फाइल सतराव्या वाढदिवसालाच काढा: समितीला अर्ज, कोर्स कुठला, राहणार कुठे, खर्च किती. पालक नसतील तर अनाथ प्रमाणपत्राचा अर्जही तेव्हाच जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे द्या, कारण संस्थेतल्या नोंदी तोवर हाताशी असतात. शिक्षण आणि सरकारी नोकरीतलं 1 टक्का आरक्षण याच प्रमाणपत्रावर मिळतं. जातीचा दाखला निघण्यासारखा असेल तर आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी गोळा करा. अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा रहिवास लागतो.

आधारला आणि बँक खात्याला मोबाइल नंबर मुलाचाच जोडा. सोयीसाठी अधीक्षकांचा नंबर दिलेला असतो, त्यांची बदली होते, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना ओटीपी दुसऱ्याच जिल्ह्यात वाजतो.