सफारीचा मुक्काम ठरवताना या चुका टाळा (खास इंदूरकरांसाठी)

"कान्हाचं हॉटेल घेऊन टाकलंय, आता सफारीचं बघतो." इंदुरातून निघणाऱ्या बहुतेक मंडळींची सुरुवात अशी होते, आणि सहल बिघडते तीही इथेच. आधी परमिट, मग त्यावरचं गेट, आणि सगळ्यात शेवटी त्या गेटजवळची खोली, हा क्रम सोडू नका. परमिट ठरावीक तारखेचं, ठरावीक पाळीचं आणि ठरावीक गेटचं असतं. खोली थोडी कमी-जास्त चालते, परमिटचं तसं नाही.

उद्यानाचं नाव बघून खोली घेणं

कान्हाचं खटिया गेट मंडल्याच्या बाजूला आहे आणि मुक्की बालाघाटच्या बाजूला. सरही नावाचं तिसरं गेट आणखी वेगळं. नकाशावर खटिया आणि मुक्की जवळ वाटतात, कारण मधून जंगलातला रस्ता दिसतो. पण तो रस्ता पर्यटकांच्या येण्याजाण्यासाठी नाही. बाहेरून वळसा घालूनच जावं लागतं, आणि हिवाळ्यातल्या पहाटेच्या धुक्यात त्याला दोन तास सहज लागतात.

लोकमान्य नगरातल्या एका कुटुंबाचं हेच झालं. आजी-आजोबा, मुलगा-सून, दोन नातवंडं. नातवंडांसाठी स्विमिंग पूल हवा म्हणून खटियाला दोन रात्रींचं रिसॉर्ट घेतलं, पैसे भरले. मग परमिट काढायला बसले तर खटियाची सकाळ भरलेली. मुक्कीची मिळाली. "पार्क तर तोच आहे, असून असून किती लांब असणार?" म्हणून घेऊन टाकली. पहाटे साडेचारला निघाले. मोबाइलने जंगलातून जाणारा रस्ता दाखवला, तो बंद फाटकाशी जाऊन संपला. तिथून मागे फिरून बाहेरचा रस्ता धरला तोवर धुकं दाट झालं होतं. मुक्कीला पोचले तेव्हा गेट उघडून तास उलटला होता. जिप्सी (सफारीची उघडी गाडी) आणि गाइड थांबले होते, आतही सोडलं. पण जनावर रस्त्यावर येतं ती वेळ हातातून गेली. उन्हं चढल्यावर गाइड तरी काय दाखवणार? परतीचे दोन तास धरून आजी इतक्या थकल्या की दुसऱ्या दिवशीच्या सफारीला खोलीतून निघाल्याच नाहीत. त्यांची सीट रिकामी गेली, कारण परमिटवर नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक छापलेला असतो. ऐनवेळी दुसऱ्या कोणाला बसवता येत नाही.

माझी सवय साधी आहे. खोलीचे पैसे भरण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहायच्या: परमिटवर छापलेलं प्रवेशाचं गेट, खोलीपासून त्या गेटपर्यंत अंधारात लागणारी मिनिटं, आणि जिप्सी खोलीवर घ्यायला येणार की आपण गेटवर जायचं. मिनिटं तीसच्या वर गेली तर खोली बदलायची. हॉटेलवाल्याला "पार्क किती लांब?" असं विचारूच नका. "मुक्की गेट किती लांब?" असं गेटचं नाव घेऊन विचारा. पूल, बुफे, कॅम्पफायर हे सगळं त्यानंतर.

पचमढीत राहून मढईची सफारी

ही चूक इंदूरकरांची लाडकी, आणि तिचं कारणही समजण्यासारखं आहे. पचमढी आपल्याला लहानपणापासून माहीत. तीही सातपुड्याच्या जंगलातच, आणि तिथेही जिप्सी मिळते. पण पचमढीतली जिप्सी तुम्हाला बी फॉल, अप्सरा विहार, धूपगड फिरवते. वाघ, अस्वल, गवा बघायला लोक जातात ते मढई गेट खाली देनवा नदीच्या काठावर आहे. पचमढीहून घाट उतरून मटकुली, पिपरिया, सोहागपूर करत तिथे पोचायला अडीच तास धरा. शिवाय मढईला नदी बोटीने ओलांडायची असते, जिप्सी पलीकडच्या काठावर मिळते. म्हणजे गेट उघडण्याच्या वेळेला नाही, त्याच्या अर्धा तास आधी काठावर हजर हवं. पचमढीहून हे जमवायचं तर रात्री तीनला घाटात गाडी घालावी लागते. लहान मुलं घेऊन हे कोणीही करू नये, आणि "ड्रायव्हर रोजचा आहे" हे त्याला उत्तर नाही.

त्यापेक्षा मुक्काम तोडा. पहिल्या दोन रात्री मढईजवळ देनवेच्या काठी, मग वर पचमढी. इंदूरहून नर्मदा एक्सप्रेसने येणाऱ्यांनी पिपरिया किंवा सोहागपूर धरावं. सोहागपूर मढईपासून साधारण वीस किलोमीटर; काठावरची खोली परवडत नसेल तर तिथे राहूनही सकाळची सफारी जमते.

स्टेशन म्हणजे मुक्काम, असं समजणं

नर्मदा एक्सप्रेस उमरियाला थांबते म्हणून बांधवगडसाठी उमरियातच खोली घेणारे पुष्कळ. राहायचं ताला गावात. ताला, मगधी, खितौली या तिन्ही झोनना तिथून सोयीचं पडतं. उमरियाहून मात्र रोज पहाटे तीसेक किलोमीटर जास्तीचे. कान्हासाठी जबलपूरला राहणं तर विचारातही आणू नका. ओव्हरनाइट एक्सप्रेसने पहाटे जबलपूरला उतरा, चहा घ्या आणि खटियाचा रस्ता धरा, सुमारे १६० किलोमीटर.

या नियमाला अपवाद पन्ना. मडला गेट खजुराहोपासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे, त्यामुळे खजुराहोत राहून सकाळी सफारी आणि दुपारी मंदिरं असं आरामात होतं.

पेंच आणि वंदे भारत

इंदूर-नागपूर वंदे भारत सकाळी निघून दुपारी नागपूरला पोचते. तिथून पेंचचं तुरिया गेट नव्वदेक किलोमीटर. त्याच दिवशी दुपारची सफारी काढणारे दर हंगामात भेटतात, आणि सफारीच्या वेळी ते महामार्गावर असतात. पहिली सफारी दुसऱ्या सकाळची घ्या. आणि बघा: तुरिया, कर्माझिरी, जमतारा ही मध्य प्रदेशची गेटं, सिल्लारी, खुर्सापार ही महाराष्ट्राची. दोन्हीकडचं बुकिंग वेगवेगळं. परमिट सिल्लारीचं आणि खोली तुरियाला, हा घोळही तितकाच जुना आहे.

थोडक्यात आणखी काही चुका

पोहे-जिलबी खाऊन दहाला गाडीने निघणं. जंगलपट्ट्यात अंधार पडायच्या आत पोचायचं असतं, रात्री चितळ अचानक रस्त्यावर येतात. पहाटे पाचला निघा, पोहे वाटेत मिळतील.

गावातल्या हॉटेलात पहाटे चहा-नाश्ता गृहीत धरणं. स्वयंपाकघर तेव्हा बंद असतं. रात्रीच डबा सांगून ठेवा.

रोख पैसे न नेणं. गाइडचे आणि जिप्सीचे पैसे परमिटच्या फीमध्ये धरलेले नसतात. गेटच्या गावात नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून परमिटची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्रं जवळ हवीत.

गणपतीच्या सुट्टीत कोअर झोन, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, मागणं. १ जुलै ते ३० सप्टेंबर तो बंद असतो, तेव्हा फक्त बफर, म्हणजे त्याभोवतीचा बाहेरचा पट्टा.

जानेवारीत स्वेटरवर भागवणं. उघड्या जिप्सीत कानटोपी, हातमोजे आणि खोलीतली रजाई लागते. कान्हाच्या मैदानांवर दव गोठतं.

बुधवार न बघणं. मध्य प्रदेशात बुधवारी दुपारची सफारी नसते. एकाच सहलीत खटिया आणि मुक्की दोन्ही करायचं असेल तर मुक्काम बुधवारी दुपारी हलवा: सकाळी खटियाची सफारी, जेवण करून बाहेरच्या रस्त्याने मुक्की, उजेडात पोचून दुसऱ्या पहाटेची जिप्सी नक्की करायची.