पावसाळ्यात कुंडीतली तुळस का मरते? औषधी रोपांसाठी आषाढ-श्रावणाचा सल्ला

मुंबईत सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. या दिवसांत गॅलरीतली तुळस, कोरफड, पानओवा बहुतेक वेळा किडीने जात नाहीत, कुंडीखालच्या थाळीमुळे जातात. लादी खराब होऊ नये म्हणून ठेवलेल्या थाळीत पाणी साचतं, मुळांना हवा मिळत नाही आणि मूळकूज लागते. त्याच पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. थाळी आजच काढा, कुंडी दोन विटांवर ठेवा.

फसगत पुढे होते. माती ओली असूनही भर दुपारी तुळस मान टाकते आणि घरातलं कुणीतरी तिला आणखी पाणी घालतं. आधी बोट दोन पेरं मातीत खुपसा. गटारासारखा वास आला तर रोप बाहेर काढून एक बारीक मूळ चिमटीत धरून ओढा. पांढरं, टणक असेल तर जिवंत आहे. साल सुटून हातात आली आणि मागे दोऱ्यासारखी शीर उरली, तर कूज लागली. कुजलेली मुळं कापा, रोप नव्या मातीत लावा, लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (कूज रोखणाऱ्या उपयोगी बुरशीची पावडर) कालवून बुंध्याशी ओता. खोड मातीलगत काळं पडलं असेल तर ते रोप गेलं. वरचे निरोगी शेंडे चार बोटं लांब खुडून ओल्या रेतीत खोचा.

नर्सरीवाला टॉनिकची बाटली आणि कोकोपीट गळ्यात मारेल. घेऊ नका. कुजलेल्या मुळाला टॉनिक पोचत नाही आणि कोकोपीट पाणी धरून ठेवतं. दोन भाग लाल माती, एक भाग धुतलेली नदीची रेती, एक भाग कुजलेलं शेणखत पुरे. भोकावर खापराचा तुकडा ठेवा. चौपाटीची वाळू नको, खारी असते.

अनुभव असा की तीन-चार दिवसांची झड संपून कडक ऊन पडलं की त्याच दुपारी सर्वांत जास्त रोपं माना टाकतात. झड लागताच कुंड्या पागोळीखालून हलवा.

बाकीची कामं:
- तुळस: मंजिऱ्या खुडा. रविवारी, द्वादशीला पानं न तोडण्याची रीत पाळा, रोपाला विसावा मिळतो.
- गवती चहा: वीतभर ठेवून कापा.
- कोरफड: छपराखाली, पाणी बंद.
- पुदिना, ब्राह्मी: ओल चालते, पण थाळी नकोच.
- मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) पडला तर: लिटरला ५ मिलि कडुनिंबाचं तेल, थोडं साबणाचं पाणी. आठवडाभर पानं खाऊ नका.

कूज लागलेल्या रोपाची पानं काढ्यात घालू नका. खोकल्याला अडुळशाची पिकली पानं मधातून देतात, मात्र गरोदर बाईला अजिबात नको, गर्भाशय आकुंचन पावतं. गुळवेलीचा काढा रोज पिऊ नका. करोनाच्या काळात तो घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवलं आहे. कावीळ, मधुमेह किंवा संधिवाताची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घोटभरही घेऊ नका.