शिफ्ट संपली की निघायचं: दुकानात काम करणाऱ्या पोरापोरींसाठी

दुकानात नव्याने लागलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात हा प्रश्न पडतोच. सात वाजले, माझी वेळ संपली, आता निघू की थांबू? बाकीचे अजून फ्लोअरवर असतात, मॅनेजर काउंटरपाशी उभे असतात आणि पाय काही निघत नाही. मी पुण्यात एका मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात आधी कॅशवर होते, आता रोस्टर, म्हणजे कोणाची शिफ्ट कधी याचं वेळापत्रक, मी लावते. माझं उत्तर सरळ आहे: निघायचं. फक्त निघायची तयारी साडेसहालाच सुरू करायची, म्हणजे ती शिफ्टच्या वेळेतच होते.

कॅशवर असाल तर साडेसहाच्या सुमारास जास्तीची रोकड तिजोरीत जमा करून टाका, म्हणजे शेवटी गल्ल्यात मोजायला थोडंच उरतं. नोटा एका तोंडाने लावलेल्या असू द्या. सकाळी मिळालेले सुट्टे पैसे, म्हणजे फ्लोट, आधी बाजूला काढा आणि मगच विक्रीची रोकड मोजा. कार्ड आणि यूपीआयच्या बेरजा रिपोर्टशी ताडून पाहा. उशीर बहुतेक वेळा इथेच होतो. ग्राहक आधी रोख देतो म्हणतो, मग खिशातून मोबाइल काढतो, आणि बिलावर 'रोख' तसंच राहून जातं. मग रोकड 1,299 रुपयांनी कमी दिसते आणि यूपीआय तेवढ्यानेच जास्त. अशा वेळी नोटा पुन्हा पुन्हा मोजत बसू नका, त्या रकमेचं बिल शोधा. मोजणी पुढच्या कॅशियरसमोर करा आणि कागदावर दोघांच्याही सह्या हव्यात. सही झाल्याशिवाय गल्ला सोडू नका. घाईत सोडलात आणि रात्री तूट निघाली, तर ती कोणाच्या शिफ्टमधली हे कोणालाच सांगता येणार नाही.

फ्लोअरवर असाल तर ट्रायल रूममधून परत आलेले कपडे शेवटच्या अर्ध्या तासात जागेवर लावा. नंतर येणाऱ्याला दोन वाक्यांत सांगा: कोणता साइज संपला, कोणत्या ग्राहकाचं अल्टरेशन बाकी आहे.

तरीही थांबावं लागतं. बिल अर्ध्यावर असताना ग्राहकाला सोडून जाऊ नये. बदली माणूस आला नसेल तर गल्ला उघडा टाकून जाता येत नाही. कोणी चक्कर येऊन पडलं तर घड्याळ बघायचं नसतं. पण उद्याचा डिस्प्ले, आलेला माल उघडणं, शिफ्टनंतरची 'पाच मिनिटांची' मीटिंग ही सगळी कामंच आहेत. ती करून हवी असतील तर त्यांचा पगार द्यावा लागतो.

आता कायद्याचं. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा 2017 चा कायदा 2025 च्या बदलापर्यंत दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू होता. त्यात तेव्हा दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा होती, सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची सुट्टी होती आणि जादा कामाला दुप्पट दराने पगार होता. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी दिवसाचे तास 10 करायला मंजुरी दिली आणि नंतर अध्यादेशाने तो बदल लागूही झाला. दहा तासांचं बोलणारा तुम्हाला कोणीतरी भेटेलच. त्याला आठवड्याचे तास आणि जादा कामाचा दर विचारा. आठवड्याचे तास अजूनही 48 च आहेत आणि त्यापुढच्या कामाचे पैसे दुप्पटच आहेत.

वीस मिनिटांनी काय होतं, असं म्हणणाऱ्यांसाठी हिशेब करून दाखवते. समजा पगार 15,600 आहे, महिन्याचे 26 दिवस, रोज जेवणाची सुट्टी सोडून आठ तास. म्हणजे तासाला 75 रुपये आणि आठवड्याचे 48 तास इथेच भरले. रोज वीस मिनिटं जास्त थांबलात तर महिन्याला 8 तास 40 मिनिटं होतात. दुप्पट दराने त्याचे 1,300 रुपये झाले. घरचा गॅस आणि मोबाइलचा रिचार्ज त्यात निघतो.

म्हणून थांबायचं तर नोंदीवर थांबायचं. पंच करून, म्हणजे मशीनवर जायची वेळ नोंदवून, मग काम करायचं नाही, ही एक गोष्ट तरी पक्की धरा. बाहेर पडताना बॅग तपासायला रांग लागत असेल, तर पंच तपासणीनंतर करता येईल का ते विचारा. मशीन आत असेल तर सगळ्यांनी मिळून विचारा, एकटीचं कोणी ऐकत नाही. आल्याची आणि गेल्याची वेळ रोज स्वतःच्या वहीत लिहा.

बोलायचं कसं, याचीच पोरांना जास्त भीती वाटते. भांडायची गरज नसते. 'सर, थांबते ना. आठला पंच करते, रजिस्टरला लिहून सही द्याल का?' एवढं पुरे. रोजच थांबवत असतील तर: 'सर, या आठवड्यात तीनदा झालं. सातनंतर माणूस लागतोच, तर एकाची शिफ्ट उशिराची लावूया का?' रोस्टर मी लावते, म्हणून खात्रीने सांगते, रोज थांबावं लागत असेल तर चूक रोस्टरची असते, निघणाऱ्या मुलीची नाही.

रात्रपाळीच्या मुलींनो, साडेनऊ ही वेळ लक्षात ठेवा. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत तुमच्या संमतीशिवाय काम करून घेता येत नाही. संमती दिलीत तर सुरक्षितता आणि घराच्या दारापर्यंत पोहोचवायची सोय ही मालकाची जबाबदारी आहे. 'रिक्षा मिळेल की' ही सोय नव्हे. शटर खाली यायला दहा वाजणार असतील, तर गाडीचं दुपारीच विचारून ठेवा.

दिवाळीपुरते एजन्सीतर्फे तासावर लागलेल्या कॉलेजच्या पोरांना तर मिनिट न् मिनिट मोजलं पाहिजे. तुमची टाइमशीट दुकानात भरतात आणि पैसे एजन्सी देते, त्यामुळे तफावत निघाली की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. टाइमशीटवर रोजच्या रोज सही घ्या आणि लगेच फोटो काढा. पेमेंट स्लिप मागा, ती द्यावीच लागते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत थकलेल्या पगारासाठी तीन वर्षांच्या आत दावा करता येतो, त्यामुळे नोकरी सोडलीत तरी वही आणि फोटो फेकू नका. एजन्सीने आणि दुकानाने दाद दिली नाही, तर तेच घेऊन तुमच्या जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि तुमच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.