परदेशी ऑनलाइन पदवी : फी भरण्याआधीची तयारी

यादीची सुरुवात विद्यापीठांच्या नावांनी करू नका. पदवी हातात आल्यावर ती कोणापुढे ठेवायची आहे, ते आधी लिहून काढा. सध्याच्या कंपनीत बढती हवी असेल, तर मनुष्यबळ विभागाला एक ईमेल पुरते. सरकारी नोकरी किंवा पीएच.डी.चा प्रवेश डोळ्यांसमोर असेल, तर तुमच्या देशात समकक्षता (परदेशी पदवी इथल्या पदवीच्या तोडीची आहे का) ठरवणारी जी संस्था असेल तिला लेखी विचारा, आणि उत्तरही लेखीच मागा. फोनवरच्या ‘हो, चालतं’ला काही अर्थ नाही. एकाच विद्यापीठाची वर्गात बसून मिळवलेली पदवी मानायची आणि ऑनलाइन मिळवलेली नाही, असा भेद होऊ शकतो. वकिली, नर्सिंग, शिक्षकी पेशा यांत परवाना देणारी परिषद आणखी वेगळी, तिचे नियमही वेगळे. ही उत्तरं येईपर्यंत बाकीची यादी बाजूला पडली तरी काही बिघडत नाही.

मग मान्यता. ती विद्यापीठाच्या वेबसाइटवर वाचू नका, मान्यता देणाऱ्याच्या यादीत शोधा. अमेरिकेसाठी सीएचईएचा (उच्च शिक्षणातल्या मान्यतेचं काम पाहणाऱ्या परिषदेचा) किंवा तिथल्या शिक्षण खात्याचा डेटाबेस, इंग्लंडसाठी ऑफिस फॉर स्टुडंट्स या तिथल्या उच्च शिक्षणाच्या नियामक संस्थेचं रजिस्टर. ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त’ हे शब्द कुणीही छापू शकतो. २०१५ मध्ये कराचीतल्या एका कंपनीचं बनावट पदव्यांचं प्रकरण उघडकीला आलं, तेव्हा शेकडो वेबसाइट्सवर खोटी विद्यापीठं तर होतीच, त्यांना मान्यता देणाऱ्या संस्थाही खोट्याच होत्या. ‘कामाच्या अनुभवावर महिनाभरात पदवी’ असं कुणी म्हणालं, तर तिथेच खिडकी बंद करा.

ऑनलाइन म्हणजे दुय्यम, असंही समजू नका. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्येच घरी बसून अभ्यास करणाऱ्यांना परीक्षेची दारं उघडली. ब्रिटनची ओपन युनिव्हर्सिटी १९६९ची. जॉर्जिया टेकचा संगणकशास्त्रातला ऑनलाइन एम.एस. २०१४ मध्ये सुरू झाला. मात्र अभ्यास वर्गात झाला की ऑनलाइन, हे प्रमाणपत्रावर आणि गुणपत्रिकेवर नोंदवतात का, ते विचारून ठेवा, जमल्यास नमुना प्रत मागा.

आता वेळेचा हिशेब. इथे बहुतेकांची फसगत होते, कारण जाहिरातीत फक्त ‘तुमच्या सोयीने शिका’ एवढंच दिसतं. युरोपीय पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, आणि पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट. ब्रिटनमध्ये एक क्रेडिट १० तासांचं आणि वर्षाचे १२०. निम्म्या वेगाने शिकायचं म्हटलं, तरी वर्षाला ६०० ते ९०० तास, म्हणजे आठवड्याला साधारण १२ ते १७, नोकरी आणि घर सांभाळून. दोन आठवडे तेवढा वेळ खरोखर काढून बघा, हातात कुठलंही पुस्तक चालेल. शिवाय थेट वर्ग आणि परीक्षा कोणत्या वेळी असतात ते पाहा. घड्याळं एक तास पुढे नेण्याचा दिवसही जमेस धरा: अमेरिकेत मार्चचा दुसरा रविवार, युरोपात शेवटचा. रात्री दोनला कॅमेऱ्यापुढे बसून परीक्षा द्यावी लागणार असेल, तर ते आधी कळलेलं बरं.

पैशांचा तक्ता करताना फीपाशी थांबू नका. अर्जाचं शुल्क, परीक्षा शुल्क, पुस्तकं, बँकेचे परकीय चलनाचे आकार, एखाद्या विषयात नापास झालात तर पुन्हा लागणारी फी, हे सगळं मांडा. काही ठिकाणी शिकवणी मोफत असते, पण परीक्षेचे पैसे द्यावे लागतात. दोन-तीन वर्षांत चलनाचा दर कुठे जाईल ते कुणाच्या हातात नाही, म्हणून थोडा जास्तच धरा.

व्हिसाच्या आशेने ऑनलाइन पदवी घेत असाल, तर थांबा. ब्रिटनच्या ग्रॅज्युएट व्हिसासाठी (शिक्षणानंतर तिथे काम करू देणाऱ्या) तिथे राहून शिकावं लागतं, घरबसल्या घेतलेली पदवी त्यात बसत नाही.

कागदपत्रांना सगळ्यांत जास्त वेळ जातो. जुन्या गुणपत्रिका सीलबंद लागतात का, भाषांतर किंवा अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी दाखला) हवं का, हे विचारा. पासपोर्टवरचं आणि जुन्या प्रमाणपत्रांवरचं नाव अक्षरशः सारखं आहे का, तेही तपासा. टोफेल किंवा आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण साधारण दोन वर्षंच धरतात, त्यामुळे ती परीक्षा फार आधी देऊन बसू नका.

पहिला हप्ता भरण्यापूर्वी पैसे परत मिळण्याची शेवटची तारीख शोधा, त्या पानाची प्रत जपून ठेवा आणि त्या तारखेच्या आठवडाभर आधीचा गजर फोनमध्ये लावा.