दोन दिवसांसाठी कोल्हापूरला जाताना

नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत राहणाऱ्या कोल्हापूरकराच्या वाट्याला घरासाठी बहुधा शनिवार-रविवारच येतात, आणि त्यातून प्रवास व झोप वजा केली की हातात जेमतेम दीड दिवस राहतो. एवढ्या वेळात आई-वडील, काका-आत्यांची घरे, शाळेतले मित्र, अंबाबाईचे दर्शन, मिसळ आणि मटण असे सगळेच उरकायला गेले, तर प्रत्येक ठिकाणी आपण घड्याळाकडे पाहत बसतो. म्हणून निघण्याआधी घरच्यांशी बोलून एवढे पक्के करावे की, घराबाहेरच्या भेटी फार तर दोन असतील आणि मित्रांसाठी एकच बैठक. बाकीच्यांना पुढच्या खेपेला भेटता येईल, आणि तसे त्यांना आधीच फोनवर सांगितले तर कोणी फारसे रागावतही नाही; गावात येऊन गेल्याचे परस्पर कळले की मात्र रुसवे होतात.

मुंबईहून येणाऱ्यांना महालक्ष्मी एक्सप्रेससारखी दुसरी सोय नाही, कारण रात्री गाडीत झोपले की सकाळी कोल्हापूर येते आणि दिवस वाया जात नाही. तिकिटांचे आरक्षण आता 60 दिवस आधी खुले होते, त्यामुळे गणपती, दिवाळी आणि जोडून येणाऱ्या सुट्ट्यांच्या तारखा कॅलेंडरवर खुणा करून ठेवाव्यात. पुण्याहून मात्र रस्ताच बरा पडतो. रेल्वेला मिरजेवरून वळसा घ्यावा लागतो, तर महामार्गाने अंतर सुमारे 230 किलोमीटर आहे आणि स्वारगेटहून एसटीही मिळते. स्वतःची गाडी असल्यास शुक्रवारी संध्याकाळी कामावरून थेट निघण्याचा मोह टाळावा. शनिवारी पहाटे पाचच्या आत कात्रजचा बोगदा ओलांडला, तर खंबाटकी घाट मोकळा मिळतो. आठ वाजता निघालेला माणूस सुट्टीच्या दिवशी त्याच घाटात ट्रकच्या मागे अडकून पडतो. साताऱ्यापासून पुढे सहापदरीकरणाच्या कामामुळे ठिकठिकाणी वाहतूक वळवलेली असते, तेव्हा तासभर हाताशी जादा ठेवावा.

जुलै-ऑगस्टमध्ये निघण्यापूर्वी पंचगंगेची पातळी पाहिल्याशिवाय बॅग भरू नये. राजाराम बंधाऱ्याजवळ 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी मानली जाते, आणि पावसाळ्यात हे आकडे रोज बातम्यांत येतात. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन पुणे-बेंगळुरू वाहतूक बंद पडली होती. पाणी चढत असताना ‘जाऊन तर बघू’ म्हणून निघाले, तर सोमवारी कामावर परतण्याची खात्री देता येत नाही.

घरी पोहोचल्यावर शनिवारची सकाळ पूर्णपणे आई-वडिलांसाठी ठेवावी. ही वेळ गप्पांची आहेच, पण घरातल्या तुंबलेल्या कामांचीही आहे, आणि त्यात आधी माहीत असायला हवे ते हे की शनिवारी सरकारी कचेऱ्या बंद असतात आणि दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बँकाही. सिटी सर्व्हेची नक्कल, तलाठ्याकडची नोंद किंवा वारसाचे प्रकरण अशी कामे असतील, तर शुक्रवारची किंवा सोमवारची रजा घेऊनच यावे. नुसता सातबारा हवा असेल, तर डिजिटल स्वाक्षरीचा उतारा ऑनलाइन निघतो. वडील निवृत्तिवेतनधारक असतील, तर नोव्हेंबरच्या खेपेला त्यांचा हयातीचा दाखला ‘जीवन प्रमाण’ या सरकारी सुविधेतून घरबसल्या फोनवर काढून द्यावा, चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय तिथे आहे, फक्त खिडकीजवळ चांगल्या उजेडात बसवावे आणि चष्मा काढायला सांगावे.

औषधांचा डबाही याच वेळी खाली काढावा. गोळ्यांच्या पट्ट्या पलंगावर ओळीने मांडून प्रत्येकीवरची मुदत वाचली, की मुदत टळलेल्या गोळ्या तर सापडतातच, पण दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दोन वेगळ्या नावांनी लिहून दिलेले एकच औषधही कधी कधी सापडते. त्यासाठी पट्टीवर छापलेले घटकाचे नाव पाहावे, कंपनीने गोळीला दिलेले नाव नव्हे. शंका आली तर गोळी आपल्या मनाने बंद करू नये. पट्टीचा फोटो काढून त्यांच्या डॉक्टरांना विचारावे.

आता नातेवाइकांची घरे, आणि खरी परीक्षा इथेच असते. कोल्हापुरात कोणाकडे ‘पाच मिनिटांसाठी’ जाता येत नाही. आत्याच्या दारात चप्पल काढतानाच आतून आवाज येतो, ‘जेवल्याबिगर जायचं न्हाई, आत्ता भाकरी टाकते,’ आणि आपण नको म्हणेपर्यंत तवा चुलीवर चढलेला असतो. ‘जेवून आलोय’ हे उत्तर तिथे कोणी ऐकून घेत नाही. त्यावर माझ्या मते एकच उपाय चालतो: कोणत्या वेळचे जेवण कोणाकडे, हे आदल्या दिवशीच ठरवून जाहीर करावे, आणि दुसऱ्या घरी चार ते सहाच्या दरम्यान, म्हणजे चहाच्या वेळेला जावे. ‘रात्रीचं काकींकडे सांगितलंय’ असे म्हटले की आत्या पोह्यांवर तडजोड करते, कारण आपल्यामुळे काकींच्या घरचे अन्न वाया जावे असे तिलाही वाटत नाही. पोह्यांना मात्र नको म्हणू नये.

कोणाकडे आधी जायचे याचाही क्रम असतो. आजारी माणूस असलेले घर पहिले, दुःख झालेले घर त्याच्याही आधी, आणि बाळाच्या किंवा नव्या घराच्या आनंदाची भेट त्यानंतर. दुःखाच्या घरी मिठाईचा पुडा नेऊ नये आणि निघताना ‘येतो’ म्हणू नये. थोडा वेळ बसून, बोलणे त्यांच्यावर सोडून, मुकाट्याने उठावे. इतर घरी रिकाम्या हाताने जाणे बरे दिसत नाही, पण पुण्याहून महागडे बॉक्स आणण्याचीही गरज नसते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला चावता येईल अशी फळे आणि मुलांसाठी काहीतरी एवढे पुरते. माहेरी आलेल्या लेकीने निघण्याच्या वेळी ओटीसाठी दहा मिनिटे राखून ठेवावीत. गाडी सुरू करून हॉर्न वाजवणाऱ्या जावयांसाठी ही सूचना विशेष आहे.

मित्रांच्या बाबतीत एकेकाला फोन करत बसू नये. ग्रुपवर बुधवारीच ठिकाण आणि वेळ टाकावी, आणि जो येईल तो आपला समजावा. शनिवारी संध्याकाळी रंकाळ्याचा पदपथ यासाठी उत्तम, कारण उशिरा येणाऱ्यालाही आपण तिथे सापडतो आणि भूक लागली तर खाऊच्या गाड्या जवळच असतात. फुटबॉलचा हंगाम चालू असेल आणि शाहू स्टेडियमवर पेठांमधला सामना असेल, तर प्रश्नच मिटला; निम्मे मित्र तिथेच भेटतील, फक्त इथले बरेच संघ तालमींचे असल्याने कोण कोणत्या तालमीचा आहे हे लक्षात ठेवून बोलावे. रविवारी सकाळी मिसळीला भेटायचे असेल, तर साडेआठच्या आत पोहोचावे, कारण त्यानंतर पर्यटकांची गर्दी वाढते आणि टेबलामागे उभे राहून कोणी वाट पाहत असताना गप्पा होत नाहीत.

अंबाबाईच्या दर्शनाला शक्य तितक्या पहाटे जावे, म्हणजे रांग लहान असते. वेळ कमीच असेल, तर मुखदर्शन घेऊन निघावे. महाद्वार रोडवर चारचाकी नेण्याचे धाडस करू नये, घरची दुचाकी काढावी. जोतिबाचा वार रविवार असल्याने डोंगरावर त्या दिवशी गर्दी असते, आणि दोन दिवसांच्या खेपेत तो बेत न आखलेलाच बरा.

रविवारचे दुपारचे जेवण मात्र घरीच. अनेक घरांत शनिवारी मांसाहार चालत नाही, श्रावणात तर महिनाभर नाही, त्यामुळे मटणाचा बेत रविवारवर येतो आणि दुकानांपुढे सकाळपासून रांगा लागतात. ही रांग आपण धरावी, वडिलांना उभे करू नये. त्या निमित्ताने गल्लीतली चार माणसेही भेटतात आणि कोणाचे काय चालले आहे ते कळते. सात-साडेसातला मटण घरी आले, तर अळणी, म्हणजे मटणाचे बिनतिखट पाणी निघून, त्यात नारळाचे दूध पडून पांढरा रस्सा तयार व्हायला आणि तांबड्याला कट यायला साडेअकरा होतात. बाराला पंगत बसावी. वाटीने पांढरा रस्सा पिऊन, वर भात खाऊन लगेच गाडी चालवायला बसणे धोक्याचे आहे, डोळा लागतोच. तासभर पडावे, चहा घ्यावा आणि दोन-अडीचला निघावे. त्याहून उशीर झाला, तर खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर आणि कात्रजला पुण्यात परतणाऱ्यांची रांग ठरलेली असते. ती टाळायची असेल, तर सरळ मुक्काम वाढवून सोमवारी पहाटे चारला निघणे बरे, आणि आईलाही तेच आवडते.

निघताना मिळणारी कांदा-लसूण चटणीची बरणी नको म्हणून उपयोग नसतो. झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा लावून, बरणी पिशवीत घट्ट बांधून ती डिकीत उभी ठेवावी. कपड्यांच्या बॅगेत ठेवल्यास तेल झिरपते, आणि तो डाग कोणत्याही साबणाने जात नाही.