हुर्यो कमवावी लागते: रेसलिंगमधल्या खलनायकाच्या या चुका टाळा

प्रो रेसलिंगमध्ये हीलला, म्हणजे खलनायकाला, एकच काम असतं: समोरचा फेस, म्हणजे नायक, जिंकलाच पाहिजे असं प्रेक्षकाला वाटायला लावणं. निकाल आधीच ठरलेला आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. तरी तो चिडतो, हुर्यो उडवतो आणि या माणसाला मार बसताना बघायचंय म्हणून पुढच्या शोचं तिकीट काढतो. ज्यांना हे जमत नाही त्यातल्या बहुतेकांना खलनायकही व्हायचं असतं आणि टाळ्याही सोडवत नाहीत. पुढच्या बऱ्याचशा चुका या मोहातूनच होतात, आणि त्या नवख्यांइतक्याच चॅम्पियनांकडूनही होतात.

कारण नसलेला दुष्टपणा, किंवा फारच पटणारं कारण

"मी वाईट आहे" असं सांगणारा हील कुणाला चीड आणत नाही. चीड येते ती स्वतःचं बरोबरच आहे असं मानणाऱ्याची. १९८० मधलं लॅरी झबिस्कोचं उदाहरण आजही शिकण्यासारखं आहे. तो ब्रुनो सामार्टिनोचा शिष्य. गुरूच्या सावलीतून बाहेर पडायचं म्हणून त्यानं मैत्रीपूर्ण मॅच मागितली. ब्रुनोनं त्याला इजा न करता सहज रोखून धरलं, तेव्हा त्याचं डोकं फिरलं आणि त्यानं लाकडी खुर्ची घेऊन गुरूलाच रक्तबंबाळ केलं. सावलीत राहिल्याची तक्रार खरी होती, पण तिच्यापोटी त्यानं केलं ते भयंकर होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोघांची पिंजऱ्यातली मॅच न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर झाली.

आपलं पात्र तपासायचं असेल तर एक वाक्य लिहून बघा: "माझ्यावर अमुक अन्याय झाला, म्हणून मी तमुक केलं." पहिला अर्धा भाग थोडाफार पटला पाहिजे आणि दुसरा अर्धा अजिबात पटता कामा नये. पहिला भाग खोटा असेल तर पात्र पोकळ वाटतं. दोन्ही भाग पटले तर तुम्ही नकळत हिरो तयार केलेला असतो.

ऑगस्ट २०१८ च्या समरस्लॅमला, म्हणजे WWE कंपनीच्या मोठ्या शोला, बेकी लिंचच्या बाबतीत नेमकं हेच झालं. तिनं कष्टानं मिळवलेल्या टायटल मॅचमध्ये तिची मैत्रीण शार्लट फ्लेअरला घुसवलं गेलं आणि शार्लटच जिंकली. मॅचनंतर बेकीनं तिला झोडपलं, तर अख्खा हॉल आनंदानं ओरडला. नंतर काही आठवडे बेकीला प्रेक्षकांनाच दूषणं द्यायला लावलं, तरी उपयोग झाला नाही. अशा वेळी दोनच वाटा असतात: क्रूरपणा इतका वाढवायचा की सहानुभूती उरणारच नाही, किंवा प्रेक्षकांचं ऐकायचं. कंपनीनं शेवटी ऐकलं आणि बेकी त्या काळातली सगळ्यात मोठी स्टार झाली.

टर्न चुकीच्या जागी करणं

टर्न म्हणजे फेसचा हील होणं, किंवा उलट. १ एप्रिल २००१, ह्यूस्टन. रेसलमेनिया या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोच्या मुख्य मॅचमध्ये स्टीव्ह ऑस्टिननं कट्टर शत्रू असलेल्या कंपनीमालक व्हिन्स मॅकमहॉनशी हातमिळवणी केली आणि द रॉकला खुर्चीनं बडवून टायटल जिंकलं. कागदावर याहून मोठा विश्वासघात सापडणार नाही. पण ऑस्टिन टेक्ससचा, आणि ह्यूस्टनही टेक्ससमध्येच. लोक आपल्या माणसासाठी टाळ्या वाजवत राहिले. पुढच्या महिन्यांत ऑस्टिननं काम उत्तम केलं. मॅकमहॉनच्या गळ्यात पडणारा, गिटार वाजवून त्याची मनधरणी करणारा चिडका चॅम्पियन त्यानं झकास रंगवला. तरीही त्याला नावं ठेवायची इच्छाच प्रेक्षकांना नव्हती.

त्याच ऑस्टिनची चार वर्षं आधीची मॅच याच्या शेजारी ठेवून बघा. मार्च १९९७ च्या रेसलमेनियात ब्रेट हार्ट फेस म्हणून आला आणि हील होऊन परतला. ऑस्टिनचं बरोबर उलटं झालं. तयारी आधीच झाली होती. ब्रेट कित्येक आठवडे आपल्यावर अन्याय होतोय अशी कुरकुर करत होता आणि लोक त्याला कंटाळू लागले होते. मॅचमध्ये ऑस्टिन रक्तानं माखला, शार्पशूटरमध्ये, म्हणजे ब्रेटच्या पाय मुरगळणाऱ्या पकडीत, बेशुद्ध पडला, पण शरण गेला नाही. घंटा वाजल्यावरही ब्रेट त्याला मारत राहिला. टर्न पक्का झाला तो घंटेनंतरच्या त्या मारामुळे. टर्न लिहिताना "घंटेनंतर काय" हा प्रश्न आधी सोडवा.

नवा माणूस, जुनी वेशभूषा

७ जुलै १९९६ ला डेटोना बीचवर लोकांच्या लाडक्या हल्क होगननं रँडी सॅव्हेजवर लेग ड्रॉप मारला (उडी मारून पाय अंगावर आपटला) तेव्हा प्रेक्षकांनी रिंगमध्ये कचऱ्याचा ढीग केला. पण धक्का एका रात्रीचा असतो. तो टिकला, कारण पिवळा-लाल पोशाख जाऊन काळा आला, दाढी काळी झाली, नावात हॉलिवूड आलं. बेलीनं ऑक्टोबर २०१९ मध्ये हेच केलं. मुलांना आवडणाऱ्या तिच्या एंट्रीतल्या हवेच्या बाहुल्या तिनं कुऱ्हाडीनं फोडल्या, केस कापले आणि त्याच रात्री टायटल जिंकलं.

१ मार्च २०२५ ला टोरंटोमध्ये जॉन सीनानं कोडी रोड्सवर हल्ला केला, तो होगननंतरचा सगळ्यात गाजलेला टर्न ठरला असता. पण कपडे, टोपी, एंट्री जवळपास तशीच राहिली; त्या हल्ल्यात सामील असलेला द रॉक कथेतून गायब झाला; आणि समरस्लॅमच्या तोंडावर सीना पुन्हा फेस झाला. निरोपाचं वर्ष, लोकांना टाळ्या वाजवायच्याच होत्या, हेही खरं. तरी आधीच प्रतिकूल असलेल्या कामात जुना सीना रोज डोळ्यांसमोर ठेवणं ही घोडचूकच होती.

टर्ननंतर पहिल्या आठवड्यात संगीत, पोशाख, चालण्याचा वेग आणि कठड्यापाशी पुढे आलेल्या हातांकडे कसं बघायचं, या गोष्टी बदला. शिवाय लोक ज्यांच्या तालावर मोजतात किंवा ओरडतात ते मूव्ह (डाव) आणि ती वाक्यं टाकून द्या. ख्रिस जेरिकोनं २००८ मध्ये टाळीची वाक्यं सोडली, सूट घातला आणि हळू, थंड आवाजात बोलायला लागला. प्रेक्षकांना कोरसमध्ये म्हणता येईल असं वाक्य हीलनं स्वतःजवळ ठेवूच नये.

रिंगमध्ये देखणं काम करणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि ती करणारे बहुधा चांगले कुस्तीगीर असतात. दोरावरून उलटी उडी मारली की समोरचा माणूस "वा!" म्हणणारच, मग तुम्ही कितीही दुष्ट असा. हीलचे मूव्ह जमिनीवरचे, त्रासदायक आणि किंचित क्षुद्र असावेत: डोळ्यांत बोटं, केस ओढणं, दोराच्या आडून गळा दाबणं, चिनलॉक (मागून हनुवटी आवळून धरणं).

बारा मिनिटांच्या मॅचची साधारण वाटणी अशी धरा. पहिली दोन-तीन मिनिटं फेसची. हील फसतो, चिडतो, रिंगबाहेर पळतो. मग हील डाव उलटवतो, तो ताकदीनं नाही, लबाडीनं: रेफरी वळलेला असताना, किंवा फेस दोराशी कुणाशी बोलत असताना. पुढची पाच-सहा मिनिटं हीलची. यात फेसला दोनदा आशा दाखवायची आणि दोन्ही वेळा मोडायची. तिसऱ्या वेळी मोडायची नाही, तिथे कमबॅक, म्हणजे फेसची उसळी. मग शेवट.

मधला भाग मेला आणि हॉलमध्ये गप्पा सुरू झाल्या, तर बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. चिनलॉकमध्ये हील मान खाली घालून विश्रांती घेतोय का? फेसचा चेहरा लोकांना दिसतोय का? आज गुडघा, उद्या मान असं चाललंय का? होल्ड धरल्यावर फेसचा चेहरा कॅमेऱ्याकडे आणि जास्त गर्दीच्या बाजूला वळवा. रेफरी एका बाजूला वाकला की दुसऱ्या बाजूनं केस ओढा आणि तो उठला की हात वर करून साळसूद व्हा. एकच अवयव निवडा, शक्यतो फेसच्या फिनिशरला (मॅच संपवणाऱ्या मूव्हला) लागणारा. पाय उचलून फिनिशर मारणाऱ्याचा गुडघा बिघडवला, तर शेवटच्या मिनिटापर्यंत ताण आपोआप टिकतो.

मॅच बहुतेक वेळा हीलच चालवतो, पुढचा मूव्ह तोच हळूच सांगतो. म्हणून त्याचा एक कान कायम लोकांकडे हवा. आवाज चढायला लागला आणि ठरलेल्या यादीत अजून तीन मूव्ह बाकी असले, तर ते सोडून द्या.

कमबॅकमध्ये मात्र उधळपट्टी करा. जो हील मार खायला कंजुषी करतो, तो फेसला लहान करतो. रिक फ्लेअर वर्षानुवर्षं वर्ल्ड चॅम्पियन होता आणि तरी गुडघ्यांवर बसून गयावया करायचा, टर्नबकलवर (रिंगच्या कोपऱ्यावर) चढून जवळपास दर वेळी खाली फेकला जायचा. त्यामुळे त्याच्यासमोर उभा राहिलेला कुणीही, आज हा जिंकेल बरं का, असा वाटायचा.

रेफरीच्या डोळ्यांदेखत फसवणूक

प्रेक्षकांना दिसावं, रेफरीला दिसू नये. रेफरीला दिसलं आणि त्यानं काहीच केलं नाही, तर लोकांचा राग हीलवरून उडून रेफरीवर आणि तिथून लेखकावर जातो. क्रम पाळा: मॅनेजर समोरच्या बाजूच्या एप्रनवर (दोरांबाहेरच्या कडेवर) चढतो, रेफरी पूर्ण वळतो, मग हात हलतो. अर्धा सेकंद आधी हलला तर फसलं. टॅग मॅचमध्ये, म्हणजे जोडीदाराच्या हाताला हात लावून (टॅग करून) त्याला आत घ्यायच्या मॅचमध्ये, फेसनं खरा टॅग केलेला असावा आणि नेमका तोच रेफरीनं पाहिलेला नसावा. याहून स्वस्त आणि खात्रीची चीड दुसरी नाही. दोराला हात लागल्यावर पकड सोडायला रेफरी पाचपर्यंत मोजतो, ते चारपर्यंत ताणा. मोठी फसवणूक मात्र मॅचमध्ये एकच.

शहराला शिव्या

गावाचं नाव घेऊन अपमान केला की हुर्यो लगेच मिळते आणि मिनिटभरात विरते, कारण तिचा प्रतिस्पर्ध्याशी संबंध नसतो. १९८७ मध्ये टेड डिबियासीनं काय केलं बघा. एका मुलाला सांगितलं, चेंडू सलग १५ वेळा टप्पे घेऊन दाखव, ५०० डॉलर देतो. पंधराव्या टप्प्याला लाथ मारून चेंडू उडवला. शहराबद्दल एक शब्दही न बोलता अख्खा हॉल पेटला.

देश आणि धर्म वापरून मिळवलेली हुर्यो याहून वाईट. मुहम्मद हसन या पात्राची मूळ तक्रार रास्त होती: अरब-अमेरिकन माणसाकडे सगळे संशयानं बघतात. मग त्याला बुरखाधारी हल्लेखोर जोडले गेले आणि तो भाग ७ जुलै २००५ ला, लंडनमधल्या बॉम्बस्फोटांच्या दिवशीच, अमेरिकेत दाखवला गेला. वाहिनीनं पात्र हटवायला लावलं आणि त्याच महिन्यात ते संपलं. बातम्यांवर उभं केलेलं पात्र कधी कोसळेल ते तुमच्या हातात राहत नाही.

आणि प्रेक्षकांच्या अंगाला, मुलांना, सामानाला हात लावू नका. डिबियासीसारखा प्रसंग हवा असेल तर तो आधी ठरवून, पालकांची परवानगी घेऊनच करा.

माइकवर आवाज चढवणं

लोक ओरडत असताना त्यांच्यावर ओरडू नका. माइक खाली घ्या, थांबा, शांत झाले की तोंड उघडा, पुन्हा ओरडतील. २०२२ मध्ये स्वतःच्या वडिलांवर उलटलेल्या डॉमिनिक मिस्टेरिओचे कितीतरी प्रोमो (माइकवरची भाषणं) ऐकूच आले नाहीत, आणि तेच त्याचं यश होतं. दोन-तीन मिनिटं पुरतात. प्रतिस्पर्ध्याला "फालतू" म्हणू नका. जिंकलात तर फालतू माणसाला हरवलंत, हरलात तर फालतू माणसाकडून हरलात. तो धोकादायक आहे पण त्याची लायकी नाही, असं म्हणा. खोटं बोलायचं असेल तर लोकांना जागच्या जागी पकडता येईल असं बोला. नोव्हेंबर १९९७ मध्ये माँट्रियलला ब्रेट हार्टचं टायटल कपटानं काढून घेतल्यावर व्हिन्स मॅकमहॉननं थंडपणे सांगितलं की ब्रेटचा घात ब्रेटनंच केला. मालक खलनायक होऊ शकतो हे त्या एका मुलाखतीनं पक्कं केलं.

राग आणि कंटाळा यांत गल्लत

हील आल्यावर हुर्यो झाली म्हणजे सगळं ठीक आहे असं नाही. फेसनं पहिला ठोसा मारल्यावर किती आवाज होतो ते मोजा. तो जोरात असेल तर हील काम करतोय. एंट्रीला हुर्यो आणि मॅचभर शांतता असेल, लोक उठून बाहेर जात असतील, तर त्यांना हा माणूस हरायला नकोय, दिसायलाच नकोय. बहुतेकदा कारण एकच: दर आठवड्याला तोच शेवट. रोमन रेन्सनं ऑगस्ट २०२० पासून १,३१६ दिवस टायटल राखलं. नातेवाइकांनी मध्ये घुसून मॅच वाचवायची हा शेवट पुढे पुढे पाठ झाला होता. ती कथा जिवंत ठेवली सॅमी झेननं, जो त्या कुटुंबात शिरू बघत होता आणि ज्यानं जानेवारी २०२३ मध्ये रेन्सच्याच पाठीत खुर्ची घातली. शेवट बदलता येत नसेल, तर मध्ये निदान एक नवा माणूस आणा.

हिशोब चुकता न करणं

महिनोन्‌महिने पळालेला, फसवून जिंकलेला हील शेवटी स्वच्छ हरलाच पाहिजे. डिसेंबर १९९७ चा स्टारकेड हा शो घ्या. स्टिंग वर्षभराहून जास्त काळ छताजवळून होगनच्या टोळीवर नजर ठेवून होता, आणि लोक त्या एका मॅचची वाट बघत होते. मॅचमध्ये होगनचंच वर्चस्व राहिलं. स्टिंगचे खांदे टेकलेले असताना रेफरीनं तीन झटपट मोजून त्याच्यावर अन्याय करायचा, मग ब्रेट हार्टनं येऊन मॅच पुन्हा सुरू करवायची, असा बेत होता. पण रेफरीनं तीन नेहमीच्याच वेगानं मोजले. म्हणजे होगननं हिरोला सरळ हरवलं आणि मग कुणीतरी बाहेरून येऊन निकाल फिरवला, असं दिसलं. तिथे कसलीच युक्ती नको होती: स्टिंगनं रिंगमध्ये यावं, दहा मिनिटं झोडपावं, होगननं एकदा पळायचा प्रयत्न करावा, मागे ओढला जावा आणि शरण जावं, एवढं पुरलं असतं.