व्हॉल्व्ह उघडा आहे, याची खात्री कोणी करायची?

स्कूबाचे, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली उतरण्याचे, प्राथमिक प्रमाणपत्र मिळाल्यावर सुरुवातीला आपण प्रत्येक बकल आणि नळी स्वतः तपासतो. पुढे बोटीवरचे मदतनीस सगळे जोडून देऊ लागतात आणि आपण फक्त पाठ पुढे करतो. मला ज्या सापळ्याने गाठले तो याच सोयीतून तयार होतो, म्हणून तो सविस्तर सांगते.

सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडून किंचित मागे फिरवण्याची जुनी सवय अनेकांच्या हातात मुरलेली आहे. अशा हाताची दिशा चुकली, तर उघडा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतो आणि किंचितच उघडला जातो. हवेचा दाब मोजणारा गेज मात्र २०० बार, म्हणजे सिलिंडर भरलेला, असे दाखवतो, बोटीवर श्वासही सहज येतो, कारण तिथे तेवढी फट पुरते. ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असल्याने तेवढ्याच श्वासाला चौपट हवा लागते, आणि भरलेला सिलिंडर पाठीवर असताना माणूस श्वासाला महाग होतो. म्हणून उतरण्यापूर्वी गेजच्या काट्यावर नजर ठेवून रेग्युलेटरमधून (श्वासासाठी तोंडात धरायच्या उपकरणातून) सलग तीन-चार खोल श्वास घ्यावेत. काटा श्वासागणिक खाली जाऊन पुन्हा वर येत असेल, तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे. त्यानंतर कोणीही व्हॉल्व्हला हात लावला, अगदी मदत म्हणून लावला, तरी चाचणी पुन्हा करावी. लोक कंटाळले तर कंटाळू द्यावेत.

‘५० बारवर वर या’, म्हणजे सिलिंडरमध्ये तेवढा दाब उरला की परता, हा तोंडपाठ नियमही मला अपुरा वाटतो. ३० मीटरवर बडीची, म्हणजे सोबतच्या जोडीदाराची, हवा संपली, दोघे एकाच सिलिंडरमधून श्वास घेऊ लागले आणि पृष्ठभागावरच्या मापाने दोघांना मिनिटाला प्रत्येकी २० लिटर हवा लागते असे धरले, तर सावरण्याचे एक मिनिट, मिनिटाला ९ मीटर वेगाने वर येणे आणि ५ मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा यांत सुमारे ६७० लिटर हवा जाते. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये ती ५५ बारहून अधिक भरते. घाबरलेला माणूस तर याहून कितीतरी जास्त हवा ओढतो.

स्वतः कशाला तपासायचे, तर ‘गाईड अनुभवी आहे’, हे उत्तर मला पटत नाही. उत्तम गाईड आपला गेज विचारतो, पण आपल्या छातीतली धडधड त्याला दिसत नाही.

हे वाचून बिचकू नये. या तपासण्यांना दोन-चार मिनिटेच लागतात आणि हिशेब आदल्या संध्याकाळी कागदावर करता येतो. शिवाय कोणताही डाइव्ह, कोणत्याही क्षणी, कारण न देता थांबवण्याचा हक्क प्रत्येकाला असतो. अंगठा वर केला की बडीने सोबत वर यायचे असते. का, ते बोटीवर विचारता येते.